आधी सोपं घे!

दिवाळी अंकासाठी लेख मागितला म्हणजे आमच्यासारख्या लेखकाने काय लिहायचे हे जवळजवळ ठरलेलेच असते. बालपणीची दिवाळी, अंगणातला किल्ला, आईच्या हातची चकली आणि शेवटी 'आता ते दिवस राहिले नाहीत' असा एक सुस्कारा. गेली दहा वर्षे मी हे इमानेइतबारे केले. यंदा मात्र मला भांडायचे आहे, आणि तेही व्हिडिओ गेमवरून.

वाचकहो, अंक मिटू नका. मुलांनी हे खेळ खेळावेत की नाही, किती वेळ खेळावेत, त्याने चष्मा लागतो की नाही, हा वाद मी काढणार नाही. तो प्रत्येक घरी फराळाच्या ताटावर चालूच असतो. पैसे लावून खेळायच्या प्रकारांबद्दलही मी बोलत नाही. त्यांच्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली, ते ठीकच झाले. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून मान्यता दिली. मी बोलतो आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. माझे भांडण एकाच वाक्याशी आहे. नवशिक्या पोराने हौसेने एखादे अवघड पात्र निवडले की शेजारी बसलेला अनुभवी महात्मा जे वाक्य हमखास उच्चारतो, ते वाक्य म्हणजे, "आधी सोपं घे!"

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. या सामन्यांत खेळणारा स्वतः पडद्यावर नसतो; पडद्यावर त्याचे पात्र लढते. पोरे त्याला 'कॅरेक्टर' म्हणतात. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला 'पात्र' हाच शब्द जवळचा वाटतो. 'स्ट्रीट फायटर' नावाचा जपानी खेळ आहे. त्याचा दुसरा भाग कॅपकॉम कंपनीने १९९१ साली काढला आणि जगभरच्या दुकानांतून पोरांची झुंबड उडाली. त्यात निवडायला आठ पात्रे होती. रिऊ नावाचा पांढऱ्या कपड्यांतला कराटेपटू सर्वांच्या परिचयाचा. झांगीफ हा अस्वलासारखा रशियन पैलवान. आणि धालसिम हा चक्क आपल्याकडचा योगी! गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून अग्नी, आणि हातपाय रबरासारखे लांबणारे. योगासनांनी हात इतके लांबत असते तर आमच्या शाळेच्या पी. टी. मास्तरांनी स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या शेवटच्या बाकावरच्या पोराचा कान धरला असता. पण जपानी मंडळींनी कल्पिलेला हा योगी खेळायला मोठा कठीण आहे. आणि सगळे प्रकरण त्याच्यावरूनच घडले.

गेल्या दिवाळीत मी पुण्याला धाकट्या भावाकडे गेलो होतो. तिथे माझी तेरा वर्षांची पुतणी आणि तिचा इंजिनिअरिंगला असलेला आतेभाऊ 'स्ट्रीट फायटर ६' खेळत बसले होते. हा सहावा भाग २०२३ सालचा. जुनी आठही पात्रे त्यात आहेत. पोरीने पहिल्यांदाच कंट्रोलर हातात घेतला होता. पात्रांच्या रांगेवरून तिची नजर फिरली आणि धालसिमवर थांबली. "हा! हा किती भारी आहे!" ती म्हणाली आणि तिने त्याला निवडले. दोन डाव हरली. हरताना खदखदून हसत होती, कारण प्रत्येक बटणागणिक त्या योगीबुवाचा हात भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचत होता.

तेव्हा आतेभाऊ बोलला. "अगं, धालसिम नवीन माणसाचं काम नाही. आधी सोपं घे. सहा महिने रिऊ खेळ, मग बघू."

तिने माझ्याकडे पाहिले. मी तिथे लाडूचा तुकडा मोडत बसलो होतो. मी शिक्षक. माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "दादा सांगतो ते ऐक, बाळ. पायरीपायरीने जावं."

तिने रिऊ घेतला. एक डाव खेळली. तो ती जिंकलीसुद्धा. आतेभाऊ जरा हात राखून खेळला असावा. मग कंट्रोलर गादीवर ठेवून ती आत रांगोळीचे डबे काढायला गेली. पुढचे चार दिवस तिने त्या खेळाकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी विचारले तर म्हणाली, "काका, तो माझा नव्हता ना."

हे वाक्य मला फार लागले. लागायला कारण आहे.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दहावीला आमच्या घरी अजून मॅट्रिकच म्हणतात. पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. एका छोट्या खाजगी शाळेत मानधनावर नाटक आणि हस्ताक्षर शिकवतो. एकोणिसाव्या वर्षी मी चारशे पानांची कादंबरी लिहायला घेतली होती. तिची पहिली शंभर पाने घेऊन मी एका वडीलधाऱ्या साहित्यिकांकडे गेलो. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "आधी चुटके लिहा. मग कथा. कादंबरीचं वय अजून व्हायचंय तुमचं." मी घरी येऊन निमूटपणे चुटके लिहू लागलो. पाच वर्षे चुटके लिहिले. ते वाईट होते असे नाही. त्यांतले काही छापूनही आले. पण चुटके लिहून माणूस चुटके लिहायला शिकतो, कादंबरी लिहायला नाही. कादंबरी लिहायला मी कादंबरी लिहूनच शिकलो, तीही पाच वर्षे उशिरा आणि त्या पहिल्या शंभर पानांतली उमेद गेल्यावर. आणि त्याच मी, पंचवीस वर्षांनंतर, तोंडात लाडू असताना, एका पोरीला तेच वाक्य ऐकवले!

दिवाळीहून परतल्यावर मी एक वेडेपणा केला. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाकडून जुना कन्सोल आणि हा खेळ मिळवला, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी धालसिम शिकायला बसलो. 'नवीन माणसाचं काम नाही' म्हणजे नक्की काय, ते मला पाहायचे होते.

पहिले चाळीस सामने मी हरलो. अगदी ओळीने. घरच्यांनी प्रथम चौकशी केली, मग कीव केली, मग दुर्लक्ष केले. पण हरता हरता काय कळत गेले ते सांगतो. धालसिमचा लांब ठोसा जवळजवळ अर्ध्या पडद्यापर्यंत जातो. नवखा माणूस म्हणतो, वा, दुरूनच मारू! आणि मारत सुटतो. पण लांबवलेला हात हाही शरीराचाच भाग असतो. समोरच्याने त्या हातावर फटका मारला तरी मार आपल्यालाच बसतो. शिवाय हात परत येईपर्यंत योगीबुवा असहाय असतात, तेवढ्यात समोरचा उडी मारून डोक्यावर येतो. म्हणजे प्रश्न 'मारू का?' हा नसून 'तो आत्ता किती दूर आहे आणि पुढच्या क्षणी कुठे असेल?' हा आहे. जवळ आलेल्याला लांब हात निरुपयोगी; तेव्हा दांडी मागे ओढून बटण दाबले की आखूड फटका निघतो. हे बोटांना कळायला मला तीन आठवडे लागले. पण ज्या दिवशी कळले, त्या दिवशी मला साऱ्या खेळाचा नकाशाच दिसला. समोर रिऊ असो की दुसरा कोणी, प्रत्येकाचे आपले एक अंतर असते आणि सगळी लढाई त्या अंतरासाठी चाललेली असते. अनुभवी मंडळी 'मूलतत्त्वे, मूलतत्त्वे' म्हणून जो जप करतात, त्यांतले मोठे मूलतत्त्व हेच! मला ते रिऊने शिकवले नाही. ज्याच्यापाशी नवख्याने जाऊ नये म्हणतात त्या योग्याने शिकवले.

झांगीफचेही तसेच. त्याची प्रसिद्ध पकड टाकायची तर दांडी पूर्ण वर्तुळात फिरवून ठोशाचे बटण दाबावे लागते. वर्तुळ म्हटले की 'वर' ही दिशा आली, आणि दांडी वर गेली की पात्र उडी मारते. मग पकड टाकायची कशी? एक तर उडी सुटण्याच्या आत बटण दाबायचे, नाही तर हे वर्तुळ दुसऱ्या एखाद्या हालचालीच्या आड लपवायचे. ही युक्ती जमवता जमवता पोराला कळते की पडद्यावर दिसणारी हालचाल आणि हाताने दिलेली आज्ञा यांच्यामध्ये एक बारीक फट असते. हा खेळ एका सेकंदाचे साठ भाग करतो. त्यांतल्या दोनचार भागांची ती फट. सोप्या पात्रात ही फट असते, पण ती शोधण्याची गरज पडत नाही. अवघड पात्र ती शोधायला लावते.

आता समोरच्या पक्षाचे म्हणणे ऐकू. ते निव्वळ मूर्खपणाचे आहे असे मी म्हणणार नाही. ते म्हणतात, नवखा अवघड पात्र घेऊन सारखा हरेल, कंटाळेल आणि खेळ सोडील. वरवर पाहता बरोबर आहे. पण या युक्तिवादाचा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे हजर होतो. आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे एक व्हिडिओ पार्लर होते. १९९३ साली निघालेला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ पुढे तिथे आला. त्याला हे नाव आहे हे आम्हाला कित्येक वर्षे माहीत नव्हते. आम्ही त्याला 'मुस्तफाचा गेम' म्हणायचो. चार पात्रांतून सगळे मुस्तफालाच घेत, कारण तो चपळ होता. हॅना नावाची एक बाई त्यात होती, तिला कोणी हात लावीत नसे. का? तर नाणे एकच असे! जीव गेले की खेळ संपला, आणि मागच्या रांगेतला पोरगा खांदा धरून बाजूला करी. तिथे 'आधी सोपं घे' हा शहाणपणा होता. हरण्याला रोख किंमत होती.

आज ती किंमत काय आहे? पडद्यावर ९९ पासून उलटे मोजणारे घड्याळ असते. तीन फेऱ्यांतल्या दोन गेल्या की सामना संपतो आणि एक बटण दाबले की पुन्हा सुरू होतो. सरावाच्या खोलीत समोर उभा राहणारा प्रतिस्पर्धी दमत नाही, रागावत नाही, आणि त्याला जी चाल शिकवून ठेवाल ती शंभर वेळा करून दाखवतो. इंटरनेटवरून खेळावे तर गुणक्रमाची व्यवस्था तुम्हाला तुमच्याच तोडीच्या माणसाशी गाठ घालून देते. अवघड पात्र घेतलेला नवखा खालच्या पायरीवर सुरुवात करील, सोपे घेतलेला थोडा वर. पण दोघांनाही अखेर आपापल्या पायरीवर बरोबरीचाच गडी भेटतो. 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये तर प्रत्येक पात्राचा गुणक्रम वेगळा मोजतात. उद्या पात्र बदलले तरी काही बुडत नाही. ज्या जगात हरण्याला रोख किंमत होती त्या जगातला सल्ला, ज्या जगात ती नाही तिथल्या पोरांच्या गळ्यात आपण अजून बांधतो आहोत.

कोणी मल्लखांबाचा दाखला देईल. आधी साध्या उड्या, मग अवघड. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी कोणाला टोकावर चढवले होते का? नव्हते, आणि बरोबरच होते. कारण वरून पडले तर मान मोडते. धालसिम पडला तर कोणाचीही मान मोडत नाही. ज्या शिस्तीचा उगम शरीराच्या भीतीत आहे, ती जिथे शरीराला भय नाही तिथे आंधळेपणाने लावणे याला मी शिस्त म्हणत नाही. तो आळस आहे. शिकवणाऱ्याचा आळस! सोपे पात्र शिकवायला सोपे असते, एवढाच त्याचा अर्थ. हे मी शिक्षक असून लिहितो आहे याची नोंद घ्यावी.

एक गोष्ट मात्र मला मान्य केली पाहिजे, कारण तिथे माझा मुद्दा खरोखरच लंगडा पडतो. सगळे खेळ एकास एक नसतात. 'डोटा २' घ्या. पाचजणांविरुद्ध पाचजण. सव्वाशेच्यावर पात्रे, आणि प्रत्येकापुढे ते किती गुंतागुंतीचे आहे याच्या एक ते तीन खुणा. तीन खुणांचा इन्व्होकर नावाचा एक जादूगार आहे. त्याच्यापाशी तीन प्रकारचे गोळे. कोणतेही तीन एकत्र केले की एक मंत्र तयार होतो. एकच प्रकार तीनदा घेतलेला चालतो, क्रमाला महत्त्व नाही. हिशेब करून पाहा, बरोबर दहा मंत्र होतात. (आमच्या गणिताच्या बाईंनी हे उदाहरण वर्गात वापरले आणि पोरांनी प्रथमच गणिताच्या तासाला टाळ्या वाजवल्या.) हे दहा मंत्र पाठ नसताना जो सामन्यात उतरतो, तो एकटा हरत नाही, चार अनोळखी माणसांची संध्याकाळ घेऊन हरतो, आणि असा एक सामना अर्धा-पाऊण तास चालतो. तिथे माझे म्हणणे असे की आधी संगणकाविरुद्ध खेळा, मग ओळखीच्या चौघांना सांगून-सवरून खेळा आणि मगच गुणांच्या सामन्यात जा. पण लक्षात घ्या, इथेही उत्तर 'इन्व्होकर घेऊ नकोस' असे नाही. 'इन्व्होकर कुठे शिकायचा' असे आहे.

दुसरे एक सांगायचे राहिले. अवघडाची सक्ती हीही जुलमाचीच एक तऱ्हा आहे. ज्या पोराला रिऊ आवडला त्याने रिऊच घ्यावा. 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये 'मॉडर्न' नावाची सोय आहे, तीत वर्तुळे-अर्धवर्तुळे न फिरवता एका बटणाने विशेष चाली निघतात, मात्र त्यांचा मार वीस टक्के कमी बसतो. जुने खेळाडू तिला नाके मुरडतात. मला तर ती सोय देवाने पाठवल्यासारखी वाटते. पोराला झांगीफ आवडतो पण वर्तुळ जमत नाही? मग झांगीफच घे, आणि वर्तुळ जमेपर्यंत बटणाने खेळ. सोपे करायचेच असेल तर हात सोपा करावा, आवड सोपी करू नये.

आवडीचा मुद्दा मी शेवटी आणला, पण माझ्या मते तोच मुळातला आहे. पोरे खेळ सोडतात ती हरल्यामुळे सोडतात, हे मोठ्यांचे अनुमान आहे. माझी पुतणी धालसिमने हरली तेव्हा हसत होती, आणि रिऊने जिंकली तेव्हा उठून गेली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. चाळीस सामने ओळीने हरायला जे बळ लागते ते शिस्तीतून येत नाही. ते 'हा किती भारी आहे!' या उद्गारातून येते. तो उद्गार ज्या क्षणी निघतो त्याच क्षणी आपण मध्ये बोलतो आणि म्हणतो, सहा महिन्यांनी ये. सहा महिन्यांनी कोण येतो, महाराज?

वडीलधाऱ्यांपैकी ज्यांना हे सगळे पोरकट वाटत असेल, त्यांच्या माहितीसाठी एक हकीकत. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊ शहरात झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्ससाठी प्रथमच पदके होती. त्यांतल्या 'स्ट्रीट फायटर ५' चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी पटकावले. त्यांचे वय तेव्हा ४४ होते. माझे आज आहे तेवढे. मला पदक वगैरे काही मिळणार नाही. पण बायको 'या वयात?' असे म्हणते तेव्हा सांगायला एक नाव तरी झाले.

परवा पुतणीचा फोन आला होता. यंदा भाऊ सहकुटुंब आमच्याकडे येणार आहे. मी भीत भीत सांगितले की कन्सोल आणला आहे. पलीकडे क्षणभर शांतता.

"काका, तुम्ही खेळता? कोण घेतलंय तुम्ही?"

"धालसिम," मी म्हणालो. "तुझा होता, ठाऊक आहे. मागच्या वर्षी मी तुला चुकीचं सांगितलं. तुला हवा असेल तर मी दुसरा कोणी घेतो."

"राहू दे," ती म्हणाली. "तुम्हीच ठेवा. मी झांगीफ घेते."

"अगं, त्याचं ते वर्तुळ..."

"काका!"

मी गप्प बसलो. फोन ठेवला, सरावाची खोली उघडली आणि समोर झांगीफ उभा केला. दुरून ठोसे मारत राहिलो तर तो हळूहळू का होईना जवळ येतो. आणि एकदा जवळ आला की धालसिमचे काही खरे नसते. दिवाळीला अजून नऊ दिवस आहेत.